चाळीस डोकी

ट्रकचा हॉर्न वाजला की आमच्या चिकूच्या वाडीत कोणी काही करत असो, हातातलं टाकून पळायचं, असा नियम होता. हा नियम कोणी केला ते मला माहीत नाही. मी जन्मले तेव्हा तो होताच. दोन लांब आणि एक आखूड, असा तो हॉर्न पाम गावच्या रस्त्यावरून ऐकू यायचा. मग गड्यांनी चिकू तोडायच्या बेडण्या झाडाखाली टाकायच्या, बायांनी चिकू निवडता निवडता उठायचं, आईने तव्यावरची भाकरी तव्यावरच सोडायची, आणि सगळ्यांनी शेडीपासून फाटकापर्यंत ओळ धरून करंड्या हातोहात पुढे द्यायच्या. ट्रक थांबायचा जेमतेम वीस मिनिटं. तो बोईसर स्टेशनात पोचायच्या आत मालाची वॅगन निघून गेली, तर चिकू बसला आपल्याच गळ्यात. पिकायला लागलेला चिकू दोन दिवस थांबत नाही. माझी धाकटी काकी लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सत्यनारायणाच्या पाटावरून उठून ओळीत उभी राहिली होती. भटजी पोथी मिटून वाट बघत बसले. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही, भटजींनाही नाही. त्यांनी जाताना चार डझन चिकू नेले.

हे सगळं आधी सांगायचं कारण असं की लोक मला विचारतात, तुमच्या वडिलांनी एवढं मोठं विद्यापीठ कसं उभं केलं हो? मी म्हणते, हॉर्नवर उभं केलं. लोकांना वाटतं म्हातारी चळली. परवा नातीला तिथे सोडायला गेले तर फाटकावरच्या रखवालदाराने मला अडवलं आणि विचारलं, “किससे मिलना है, माताजी?” मी म्हटलं, “बाबा रे, जिथे तू खुर्ची टाकलीयस ना, तिथे आमचं शेणखत असायचं.” त्याने खुर्ची जरा बाजूला सरकवली. समजूतदार माणूस.

तर आमची चिकूची शेड. लांबच लांब, वर मंगलोरी कौलं, खाली चोपून चोपून गुळगुळीत झालेली जमीन, आणि आत शिरलं की कच्च्या चिकूच्या चिकाचा तो तुरट वास. चिकू उतरवला की पाण्यात चोळून त्याच्या अंगावरचा कोंडा काढायचा, मग मोठा, मधला, बारीक अशी निवड करायची आणि पेंढा घालून करंडी भरायची. आमचे वडील, त्यांना सगळे अण्णा म्हणत, करंडी भरण्याच्या बाबतीत फार कडक. बाजारात रीत अशी की वरच्या थराला निवडक फळ आणि खाली काय असेल ते. अण्णांच्या करंडीत वर जे ते तळाला. “वरचा थर लावून फसवायचं तर माल इकायचा कशाला, सरळ खिसे कापावे,” असं म्हणायचे. या माणसाच्या पोटी मी जन्मले हे लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं ऐकताना माझी जास्त लाज वाटेल.

अण्णा स्वतः मॅट्रिक होऊन वाडीत अडकले होते. पालघरला कॉलेज होतं. पण इकडून एसटीने बोईसर, तिथून गाडी, आणि परत यायला दिवेलागण. मुलगे जायचे थोडे. मुलींना कोण पाठवतो! म्हणून अण्णांनी आणि त्यांचे जुने शिक्षक चुरी मास्तर यांनी मिळून ठरवलं की कॉलेज इथेच काढायचं. जागा? शेड. अर्धी शेड चिकूला, अर्धी विद्येला, मधे तट्ट्याची भिंत. मुंबईच्या विद्यापीठाकडे अर्ज गेला. परवानगी येईलच, असं धरून जूनमध्ये वर्ग सुरूही झाले. बेचाळीस मुलंमुली होती. मी त्यातली एक, आणि माझ्या मते सर्वांत हुशार. माझ्या त्या वेळच्या मतांबद्दल काय सांगू? माझ्याकडे एक काळी पर्स होती, तिच्यात फक्त एक पेन आणि एक रुमाल असायचा. मी ती खांद्याला लावून स्वयंपाकघरातून शेडीत, म्हणजे चाळीस पावलं, चालत जायची. आई म्हणायची, “आली बघा म्हामईची मडम.”

घरात तेव्हा एकच विषय असायचा, तो म्हणजे केळव्याचं स्थळ. मुलगा चांगला होता, घर चांगलं होतं, वाईट काहीच नव्हतं, म्हणून तर संकट. त्या लोकांनी अण्णांना विचारलं, पोरगी अजून किती शिकवणार? अण्णांनी शब्द दिला: कॉलेजला परवानगी आली तर पोरगी शिकेल, तुम्ही थांबा किंवा थांबू नका, परवानगी नाही आली तर वैशाखात लग्न. हा शब्द अण्णांनी सगळ्यांसमोर, पडवीत बसून दिला. मी आतून ऐकला. आमच्या घरात दिलेला शब्द म्हणजे रोवलेला खांब. तो हलवायचा तर छप्पर येतं खाली.

दिवाळीपर्यंत मी निश्चिंत होते. मग मुलं गळायला लागली. बोईसरला कारखाने नुकतेच उभे राहत होते, सालवडला कामगारांच्या खोल्या उठत होत्या, आणि मॅट्रिक झालेल्या पोराला तिथे दारातच काम मिळायचं. आज एक गेला, उद्या दोन. मुली लग्नं होऊन गेल्या. कुसुम म्हणून माझी मैत्रीण होती, ती तर अर्थशास्त्राचा तास चालू असताना बघायला आलेल्या पाहुण्यांनी उठवून नेली ती परत आलीच नाही. मार्गशीर्ष लागला तेव्हा आम्ही उरलो एकोणीस. आणि त्याच आठवड्यात मुंबईहून पत्र आलं की तीन जणांची समिती पाहणीला येते आहे. पत्राच्या शेवटी एक ओळ होती: वर्गात किमान चाळीस विद्यार्थी प्रत्यक्ष हजर असले पाहिजेत, तरच पुढचा विचार.

चुरी मास्तरांनी ते पत्र तीनदा वाचलं. चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं. एकोणीसचे चाळीस काही झाले नाहीत. अण्णा ओट्यावर बसून नुसते समोरच्या माडाकडे बघत होते. आणि मी, वय वर्षं सतरा, खांद्याला पर्स, पुढे होऊन म्हणाले, “अण्णा, त्यात काय एवढं? तट्ट्याच्या पलीकडे माणसं बसलेलीच आहेत की. एका दिवसापुरती अलीकडे बसवायची.”

मास्तर म्हणाले, “म्हणजे?”

“म्हणजे एकवीस जण निवडायचे. तरुण, नीटनेटके. जे सोडून गेले त्यांची नावं यांना द्यायची. हजेरी घेतली की येस सर म्हणायचं, की संपलं.”

अण्णा काहीच बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं म्हणजे होकार, असं मी ठरवून टाकलं. आज मला माहीत आहे की तो होकार नव्हता आणि नकारही नव्हता. त्या माणसाला पहिल्यांदाच भीती वाटत होती, आणि भ्यालेला माणूस पोरीच्या तोंडाकडे बघतो. पण तेव्हा मी सेनापती झाले होते. सेनापतीला कोणाचा चेहरा बघायला वेळ नसतो.

आठ दिवस मी तालीम घेतली. चिकू निवडणाऱ्या बाया, करंड्या बांधणारे गडी, माझे दोन चुलतभाऊ, धाकटी काकी. प्रत्येकाला नाव दिलं. “रमेश पाटील कोण?” की बेटेगावच्या एका गड्याने “येस सर” म्हणायचं. तो म्हणायचा, “हाय सर.” मी म्हणायची, “हाय नाही, येस.” तो म्हणायचा, “मी हायच ना पन हितं.” काकीला मी दोन वेण्या घालायला लावल्या. तिला तोवर एक मूल झालं होतं. ते तट्ट्यापलीकडून रडलं की ती ‘येस सर’ म्हणता म्हणता पदर सावरायची.

आणि बुधी. बुधी डोंगराकडच्या वारली पाड्यावरची, आपल्या मावशीबरोबर चिकूच्या हंगामाला आमच्या वाडीवर येऊन राहायची. माझ्याच वयाची. तिच्या हाताखालून गेलेली करंडी अण्णा पुन्हा उघडून बघत नसत. मी तिला म्हटलं, “तू कुसुम.”

“मी बुधी हाय.”

“ते मला माहीत आहे गं. त्या दिवशी कुसुम व्हायचं. विद्यार्थिनी कुसुम आहे, तू नाहीस.”

“कुसुम तं गेली लगीन होऊन. मी मॅट्रिक हाय.”

मी हसले. अगदी मनापासून हसले, पर्स हातात घट्ट धरून. “कुठली मॅट्रिक?”

“आश्रमशाळेतली. दुसरी कुठं असते का मॅट्रिक?”

“मग जूनमध्ये नाव का नाही घातलंस?”

“जूनमंदी आमची भाताची आवनी असते गो. चिखलात उभी राहू का तुज्या बाकावर येऊन बसू?” असं म्हणून तिने चिकूची करंडी डोक्यावर घेतली आणि ती गेली.  मग मी वहीत लिहिलं, ‘कुसुम: बुधी. शेवटचा बाक.’ शेवटचा बाक अशासाठी की तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत होतं आणि मला पुढच्या बाकांवर पातळं हवी होती. मी वरचा थर लावत होते, अण्णांच्याच शेडीत, आणि मला ते कळतही नव्हतं.

समिती आली ती सकाळी. दोन पुरुष आणि एक बाई. बाई समितीच्या अध्यक्ष होत्या. पांढरी खादीची साडी, पायात साध्या चपला, आणि माणसाकडे बघताना पापणी न हलवायची सवय. आईने उकडहंडी लावली होती. मडक्यात कोनफळ, रताळी, वालपापडी, वांगी, सगळं थरावर थर भरून मंद विस्तवावर. त्याचा वास शेडीपर्यंत येत होता. ट्रकवाल्याला अण्णांनी आदल्या दिवशीच निरोप धाडला होता की उद्या संध्याकाळी पाचनंतरच ये, त्याआधी अजिबात नको. ट्रकवाला हो म्हणाला होता.

चुरी मास्तरांनी हजेरी घेतली. एकेक नाव आणि एकेक ‘येस सर’. रमेश पाटील ‘हाय’ म्हणाला आणि लगेच जीभ चावून ‘येस’ म्हणाला. दोघांपैकी एका पुरुषाने मान वर केली. काकीचं मूल रडलं नाही. कुसुमचं नाव आलं.  मी मागे वळून बघू शकत नव्हते.  मग शेवटच्या बाकावरून शांतपणे “येस सर” आलं. चाळीस. मास्तरांनी हजेरीपुस्तक मिटून घाईघाईने काखेत मारलं. ते त्या बाईंनाही दिसलं असणार.

बाई उठून फळ्याकडे गेल्या. फळा म्हणजे रंग दिलेली फळी. त्यांनी खडूने लिहिलं, ‘या महाविद्यालयात काय कमी आहे?’ आणि म्हणाल्या, “प्रत्येकाने पाच ओळी लिहा. मराठीत. पंधरा मिनिटं. घाई नाही.”

हे तालमीत नव्हतं. एकवीस जणांपुढे मी कोरे कागद आणि पेन्सिली शोभेला ठेवल्या होत्या. आता त्यांनी त्या उचलल्या. लिहिता येणारे त्यात सहा-सातच. बाकीच्यांनी पेन्सिली अशा धरल्या की जणू त्या चावतील. करंड्या बांधणारा एक गडी कागदावर हळूहळू काहीतरी गिरवत होता. मी तिरक्या डोळ्याने बघितलं तर तो चिकू काढत होता, देठासकट. अण्णा दाराशी उभे होते.  मी लिहिलं, ‘आमच्या महाविद्यालयात काहीही कमी नाही.’ सुंदर अक्षरात लिहिलं. मग उरलेल्या चार ओळींत तेच वेगवेगळ्या शब्दांत लिहिलं. बाई बाकांमधून फिरायला लागल्या. पहिला बाक, दुसरा बाक, तिथे खरे विद्यार्थी होते. तिसरा, तोही खरा. चौथ्या बाकापासून खोटे सुरू होत होते आणि बाई चौथ्या बाकाच्या दिशेने एक पाऊल टाकणार, तेवढ्यात पामच्या रस्त्यावरून हॉर्न वाजला.

दोन लांब, एक आखूड.

त्या दिवशी वॅगन लवकर लागली होती म्हणे. ट्रकवाला बिचारा आपल्या परीने आमच्यावर उपकारच करत होता. मी ‘बसा’ म्हणायला तोंड उघडलं, पण वेळ कुठे होता? सगळा वर्ग, म्हणजे वर्गाचा मागचा अर्धा भाग, एका झटक्यात उभा राहिला. पेन्सिली पडल्या. रमेश पाटील बाकावरून उडी मारून गेला. काकी दोन्ही वेण्या उडवत बाईंच्या अगदी बाजूने पळाली आणि जाता जाता “सरा वं जरा बाई” म्हणाली. तट्ट्याची भिंत कोणीतरी ढकलली ती आडवी झाली. दोन मिनिटांत शेडीपासून फाटकापर्यंत ओळ लागली आणि करंड्या हातोहात जाऊ लागल्या. बाहेरून ड्रायव्हर ओरडत होता, “जल्दी करो, वॅगन छूट जाएगी!” आणि आत मागचे रिकामे बाक.

समितीतल्या एकाने खिशातून पेन काढलं आणि पुन्हा खिशात ठेवलं. चुरी मास्तर फळ्याला टेकले होते. वैशाख आता माझ्या अगदी समोर येऊन उभा होता, मुंडावळ्या बांधून. तेव्हा मी उठले. अजूनही कधी एकटी असताना आठवलं तर मी उशीत तोंड खुपसते. मी उठले आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, “बाई, आमच्या महाविद्यालयात रोज श्रमदान असतं.”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. पापणी हलली नाही. “असं? छान. कसलं श्रमदान?”

“शेतमालाचं.”

“मग तू गेली नाहीस?”

मी पर्स उघडून रुमाल शोधायला लागले.  बाई दाराशी गेल्या, ओळीकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांना दिसत होतं काय ते: ज्या पोरीला दोन मिनिटांपूर्वी पेन्सिल धरता येत नव्हती ती पंचवीस शेरांची करंडी फुलासारखी झेलत होती. मग त्या परत आल्या आणि सरळ शेवटच्या बाकाकडे गेल्या. तिथे एक जण अजून बसून होती, मान खाली घालून लिहीत.

“तू कुसुम ना? तू नाही गेलीस?”

बुधीने वर बघितलं. “मी कुसुम नाय, बुधी. बुधी लखमा वरठा. पंधरा मिंटं म्हंटलंव तुमी. माजं लिवायचं ऱ्हायलंय.”

 अण्णा दारातून आत आले. त्यांनी हात जोडले नाहीत. ते जसे चिकूच्या व्यापाऱ्यासमोर उभे राहत तसे सरळ उभे राहिले. “बाई,” ते म्हणाले, “एकोणीस खरी हायत. बाकीची माजी मानसं. मी वरचा थर लावला. असा मी कंदी लावत नाय.” त्यांनी माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं वाटलं असतं.

बाईंनी बुधीचा कागद उचलला आणि मोठ्याने वाचला. तो माझ्या मनात जसाच्या तसा आहे. “या कॉलेजात आवणी कमी आहे. कॉलेज जूनमध्ये उघडते तेव्हा आमच्याकडची पोरे चिखलात असतात. कॉलेज आवणी झाल्यावर उघडले तर डोंगरातून पंधरा तरी येतील. मी तर येईन. बाकी बाक चांगले आहेत.”

 बाईंनी तो घडी करून स्वतःच्या पिशवीत ठेवला. माझ्या पाच ओळी त्यांनी बाकावरच राहू दिल्या.

जेवायला त्या बसल्या. उकडहंडी दोनदा मागून घेतली. निर्णय त्यांनी हात धुतल्यावर पडवीत सांगितला: हे वर्ष धरता येणार नाही. हजेरी खोटी होती, त्याची नोंद होणार. पण प्रवेश आवणीनंतर ठेवा. श्रावण संपायच्या आत चाळीस खरी नावं, दाखल्यांसकट, माझ्याकडे पोचली तर परवानगी देण्याची शिफारस मी स्वतः करीन. एकोणचाळीस असतील तर पाठवू नका.

समिती गेली. माझं वर्ष बुडालं होतं. अण्णा पडवीत बसून होते. केळव्याच्या लोकांना काय सांगायचं, याचा विचार त्यांच्या मानेवरून दिसत होता. परवानगी आली म्हणावी तर आलेली नाही, नाही म्हणावी तर दार उघडं. मी आतल्या दाराच्या फटीला डोळा लावून उभी. तेव्हा आई बाहेर आली. भांडी घासत होती, हात राखेचे.

“आवं, परवानगी आली का नाय?”

“नाय आली. श्रावणात बघू म्हंटात.”

“म्हंजे नाय म्हनाल्या नाय ना?”

“नाय.”

“मंग तुमी बोली काय केली व्हती? नाय आली तं लगीन. आजून कोन नाय म्हंटलंय? श्रावणाआधी वैशाख येतो ह्यात पोरीचा काय गुना?”

अण्णांनी तिच्याकडे बघितलं. मग उठले, सदरा घातला, आणि केळव्याला निघाले. काय बोलणं झालं मला कधी कळलं नाही. त्या मुलाचं वैशाखात लग्न झालं, माहीमच्या मुलीशी. सुखी आहेत. पुढे त्यांचा नातू आमच्याकडेच औषधनिर्माणशास्त्र शिकला आणि मला जिन्यात भेटला की उगाच वाकून नमस्कार करायचा. मी मनात म्हणायची, तुझी आजी व्हायचे रे मी, थोडक्यात वाचलास.

त्यानंतरचे आठ महिने मी आणि बुधी दारोदार फिरलो. मास्तरांनी मला शिक्षा म्हणून पाठवलं आणि बुधीला माझ्यावर लक्ष ठेवायला. सालवडच्या खोल्यांत कोणी गोरखपूरचा, कोणी कानडी मुलखातला; त्यांच्या बायका दारात उभ्या राहून विचारायच्या, “कॉलेज में कितना देर बिठाते हैं? पानी भरने को कौन आएगा?” मी भाषण सुरू करायची, बुधी मला कोपर मारायची आणि म्हणायची, “नळाच्या टायमाला सोडू.” म्हणून आमच्याकडे पहिल्यापासून दोन पाळ्या आहेत, एक सकाळची, एक कारखान्यातली पाळी सुटल्यानंतरची. विद्यापीठाच्या पुस्तिकेत याला मोठं नाव दिलंय. खरं तर तो नळाचा टाइम आहे. तशीच शेडीची दगडी इमारत झाली, मग कारखान्यांना रसायनं तपासणारी माणसं लागली म्हणून विज्ञान आलं, मग अभियांत्रिकी, मग कोणा कोणाच्या परवानगीला हात पसरायला नको म्हणून आमचं आमचंच विद्यापीठ. प्रत्येक वेळी समिती आली. प्रत्येक वेळी मी आजारी पडले.

बुधी डोंगरातून अकरा पोरं घेऊन आली. चार घरच्यांनी अडवली. श्रावणाचे शेवटचे दोन दिवस उरले आणि आमची नावं झाली एकोणचाळीस. पावसाची झड लागली होती. मी छत्री घेऊन पुन्हा पामात गेले, चिंचणीला गेले, तारापूरच्या कोळीवाड्यात गेले. तिथे एका म्हाताऱ्या कोळणीने माझ्याकडे खालून वर बघून म्हटलं, “पोरी, दर्या खवळलाय, पोरगे घरातच हायत, घेऊन जा सगळे. पन मॅट्रिक एक पन नाय.” एक. फक्त एक डोकं कमी होतं, आणि बाईंनी सांगितलं होतं एकोणचाळीस पाठवू नका. आदल्या हिवाळ्यातली मी असते तर एक नाव सहज रचलं असतं. खरं सांगायचं तर जिभेवर आलंही होतं.

शेवटच्या दिवशी मास्तर यादी पुढे घेऊन शेडीत बसले होते. बाकावर आम्ही काही जण, बाहेर धो धो. मास्तर म्हणाले, “पुढच्या वर्षी बघू,” आणि टोपण लावायला लागले. तेवढ्यात अण्णा भिजत आत आले. त्यांच्या हातात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते सोडवलं. पिवळा पडलेला, घडीवर फाटायला आलेला मॅट्रिकचा दाखला.

“मास्तर, नाव लिवा.”

मास्तर हसले. “अण्णा, थट्टेची वेळ नाही.”

“दाखल्यावर तुमचीच सही हाय. खोटी हाय का?”

मास्तरांनी दाखला उचलून चष्म्याजवळ नेला.  “वय?” त्यांनी विचारलं.

“बाईंनी वय सांगितलंय काय कुठं? खरी नावं म्हंटलंय.” मग आवाज उतरवून म्हणाले, “रोज येईन. सकाळच्या पाळीला. चिकू दुपारचा हाय.”

मास्तरांनी चाळीसावं नाव लिहिलं. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या, बुधीने सर्वांत जोरात. आणि मी? माझं कॉलेज वाचलं होतं, माझं शिक्षण वाचलं होतं, आणि मी कोपऱ्यात जाऊन रडत होते, कारण माझा बाप माझ्या वर्गात बसणार होता. धोतरात. चिकाचे डाग पडलेल्या.

आणि ते बसलेच. परवानगीचं पत्र आल्यानंतरच्या पहिल्या दिवशी, पहिल्या बाकावर, गुडघे बाकात मावत नव्हते म्हणून तिरके. मी त्यांच्या मागच्या बाकावर, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी दाबून. मास्तरांनी नवं हजेरीपुस्तक उघडलं. अण्णांचं नाव आलं आणि ते ज्या आवाजात वाडीच्या या टोकाहून त्या टोकाला गड्याला हाक मारायचे त्या आवाजात म्हणाले, “हजर!” कौलांवरचे कावळे उडाले. बुधीचं नाव आलं, तिनेही तसंच केलं. मग माझं नाव आलं. मी खाली बघून, कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने काहीतरी पुटपुटले. मास्तरांनी एकदा वर बघितलं, दोनदा नाव घेतलं, वाट बघितली, आणि आमच्या विद्यापीठाच्या पहिल्या खऱ्या हजेरीत मला गैरहजर लावलं.